पाटे वाढवणाऱ्यांनो, जरा थांबा

मंडळी, आज भांडायचा मूड आहे. भांडण कोणाशी? तर जुनी पद्मिनी किंवा ॲम्बॅसॅडर हौसेने विकत घेऊन, तिला आरशासारखा रंग मारून, क्रोम चकाचक करून, आणि शेवटी तिचं सस्पेन्शन 'टाईट' करून घेणाऱ्या समस्त हौशी मंडळींशी. यात माझे दोन-चार मित्रही आले. ते हे वाचतील आणि रात्री फोन करतील. करू देत. :-)

वादाचं मूळ एका वाक्यात आहे. "कम्फर्ट हवा तर रोड-होल्डिंग सोडा, रोड-होल्डिंग हवं तर कंबर सोडा." जुन्या गाड्यांवर चार लोक बोलत असले की पाचव्या मिनिटाला हे वाक्य येतंच. इतक्या आत्मविश्वासाने येतं की समोरचा मान डोलावतो. पुढची पायरीही ठरलेली असते. पुढच्या कॉइल स्प्रिंगचा एखादा वेढा कापा, मागे एक पाटा वाढवा, बाजारात मिळतील ते सगळ्यात कडक शॉकअप टाका, रुंद अलॉय चढवा. झाली गाडी 'स्टेबल'!

माझं म्हणणं असं की हे गणितच चुकलंय. गुळगुळीत रेसट्रॅकवर ते अर्धंमुर्धं बरोबर असेलही. पण ज्या रस्त्यांवर आपण गाडी चालवतो तिथे ते साफ उलटं पडतं. आणि प्रश्न नुसत्या कंबरेचा असता तर मी एवढा टंकत बसलो नसतो. प्रश्न ब्रेकचा आहे.

रोड-होल्डिंग म्हणजे नक्की काय?

वळणावर गाडी कलली नाही म्हणजे तिने रस्ता धरला, असं आपल्याला वाटतं. कलणं डोळ्यांना दिसतं, म्हणून ते वाटतं. पण रस्ता बॉडी धरत नाही, टायर धरतो. टायर किती वेळ रस्त्याला टेकून राहतो, आणि टेकलेला असताना त्याच्यावरचा दाब किती कमी-जास्त होतो, यावर रोड-होल्डिंग ठरतं.

इथे एक गंमत आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते. टायरवरचा दाब वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. दुप्पट दाबाला दुप्पटीपेक्षा कमी पकड मिळते. आता समजा एका चाकावर सतत २५० किलोचा भार आहे. दुसऱ्या गाडीत त्याच चाकावर एका क्षणी ४०० आणि दुसऱ्या क्षणी १०० असा भार नाचतोय. सरासरी दोन्हीकडे २५०च. पण ४०० च्या क्षणी जेवढी पकड जास्त मिळते, त्यापेक्षा १०० च्या क्षणी जास्त गमावली जाते. म्हणजे सरासरी भार तोच असूनही दुसरी गाडी घसरायला आधी तयार. आणि तो भार शून्यावर गेला, म्हणजे चाक हवेत गेलं, की स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, काही नाही. तेवढा वेळ तुम्ही ड्रायव्हर नसता, प्रवासी असता.

तर सस्पेन्शनचं खरं काम चाकावरचा भार शक्य तितका सारखा ठेवणं. आणि आत बसलेल्या माणसाला कमी धक्के देणं हे काम बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेतून, त्याच कारणाने होतं. खड्ड्यात चाक खाली जाऊन परत वर आलं आणि बॉडी जागेवर राहिली, तर तुमची कंबरही वाचते आणि टायरही रस्त्यावर राहतो. पाटा कडक असला तर चाकाबरोबर बॉडीही उचलली जाते. मग कंबरही जाते आणि टायरही. दोन्ही एकदम!

पुरावा हवा? भंडाऱ्याला या

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आमच्या जिल्ह्यात सस्पेन्शनचा अभ्यास करायला प्रयोगशाळा लागत नाही, वैनगंगेकाठचा कुठलाही रस्ता पुरतो. रेतीचे टिपर बघा. भरलेला टिपर जाताना कसा शांत, दबून जातो. तोच रिकामा परत येताना बघा. मागची चाकं अक्षरशः उड्या मारत असतात, फाळका धडधडत असतो, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला की मागचे टायर रस्त्यावर टकटक करत घासत जातात.

असं का? कारण त्याचे पाटे अनेक टन रेतीच्या हिशेबाने बनवलेले असतात. रिकाम्या गाडीसाठी ते भयंकर कडक. म्हणजे 'कडक स्प्रिंग = रोड-होल्डिंग' हे समीकरण खरं असतं, तर आख्ख्या भंडारा जिल्ह्यात सगळ्यात चांगलं रोड-होल्डिंग रिकाम्या टिपरचं असायला हवं होतं. आहे का? त्याच्या मागे तुम्ही अंतर राखूनच चालता ना? मग स्वतःच्या पद्मिनीचा रिकामा टिपर का करता?

थोडं गणित (घाबरू नका, थोडंच आहे)

स्प्रिंगवर ठेवलेल्या गाडीला स्वतःचा एक ताल असतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती मिलिमीटर बसते त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. उत्तर येतं ते सेकंदाला किती हेलकावे. स्प्रिंग १७० मि.मी. बसत असेल तर साधारण १.२. १०० बसत असेल तर १.६ च्या आसपास. फक्त ६० बसत असेल तर २.

१ ते १.५ हा ताल माणसाला बरा वाटतो. चालताना आपलं शरीर याच्याच आसपास वर-खाली होत असतं, त्याची सवय असते. उभ्या कंपनांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. बसलेल्या माणसाचं पोट आणि धड त्या तालाला प्रतिसाद देतं. आणि चाक-ॲक्सल हे टायरच्या रबरावर स्वतंत्रपणे थरथरतात ते सेकंदाला १० ते १५ वेळा.

आता हे रस्त्यावर उतरवू. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांना साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी ८० ने गेलात तर सेकंदाला पाच सांधे. म्हणजे बरोब्बर त्या पोटाच्या पट्ट्यात! मऊ स्प्रिंगची गाडी हे पाच ठोके खालच्या खाली गिळते. कडक केलेली गाडी ते तुमच्या मणक्यापर्यंत पोचवते. आणि उखडलेल्या डांबरी रस्त्यावर दर दीड मीटरला एक उंचवटा असला, तर ताशी ६० ला सेकंदाला ११ ठोके. हा झाला चाकाचा स्वतःचा ताल. इथे चाकाला सांभाळणारा फक्त शॉकअप. तो मेलेला असेल तर चाक नाचतं, आणि नको तितका कडक असेल तर चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही, लोंबकळत ठेवतं.

फार कडक शॉकअपचा आणखी एक त्रास आहे. ओळीने खड्डे आले की पहिल्या धक्क्यात स्प्रिंग दबते. शॉकअप तिला हळूहळू सोडत असतो, तेवढ्यात दुसरा धक्का. मग तिसरा. गाडी दर धक्क्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि चौथ्या-पाचव्या खड्ड्याला थेट रबराच्या ठोकळ्यावर आदळते. ठोकळ्यावर आदळलेलं सस्पेन्शन म्हणजे सस्पेन्शन नसल्यासारखंच. आमच्याकडे म्हणतात तसं, "गाडी नाचून राह्यली बाप्पा!"

ज्यांनी गाडी बनवली ते वेडे नव्हते

मला खरा राग येतो तो या गोष्टीचा. "जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन म्हणजे बैलगाडी हो, त्या काळी कुठे एवढं कळत होतं!" असं म्हणून लोक हात साफ करतात.

कळत होतं. चांगलंच कळत होतं. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये याच विषयावर प्रयोग केले. त्याचा निष्कर्ष आजही पुस्तकात शिकवतात: पुढचं सस्पेन्शन मागच्यापेक्षा मऊ ठेवा. कारण साधं आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. पद्मिनीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २.३४ मीटर, म्हणजे ताशी ६० ला मागचं चाक ०.१४ सेकंद उशिरा तिथे पोचतं. मागचा ताल किंचित जलद असेल तर मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही एकत्र वर-खाली होतात. गाडी सपाट राहते. पुढचा वेढा कापून पुढची बाजू कडक केलीत की हे जुळलेलं गणित मोडलं. मग गाडी नाक वर, नाक खाली करत झुलते, आणि मालक म्हणतो, "अजून थोडं टाईट करायला हवं."

१९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली सिट्रोएन २सीव्ही आठवा. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटता कामा नयेत, ही त्या गाडीमागची प्रसिद्ध अट. त्यासाठी इतकं लवचिक सस्पेन्शन दिलं की वळणावर ती गाडी लाजिरवाणी कलते. पण रस्ता सोडत नाही! कलणं वेगळं आणि रस्ता सोडणं वेगळं, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्याकडच्या दोन गाड्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून त्याच गाडीची पद्मिनी बाहेर पडू लागली. पुढे स्वतंत्र विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. ॲम्बॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून आलेली, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. ती २०१४ पर्यंत बनत होती. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला तिची वीस वर्षं भरली म्हणून थांबली. या दोन गाड्यांनी आपल्याकडचे रस्ते अर्धं शतक पचवले. जेमतेम ९०० किलोची, चाळीस हॉर्सपॉवरची पद्मिनी चार माणसं आणि टपावर सामान घेऊन घाट चढत-उतरत होती. हे सगळं काय नशिबाने झालं?

"पण आमची गाडी खरंच डुलत होती!"

मान्य. डुलत असेल. पण ती पन्नास वर्षांची आहे हो! तुम्ही तिची तुलना कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीशी करतच नाही. झिजलेले बुश, तेल गळून रिकामे झालेले शॉकअप, बसलेले पाटे, सैल यू-बोल्ट, अशा गाडीवरून तुम्ही "डिझाइनच मऊ आहे" असा निकाल देता. आयटीतल्या भाषेत सांगायचं तर लॉग न बघता सर्व्हरची रॅम वाढवण्यासारखं आहे हे.

पाट्यांचंच घ्या. एकावर एक रचलेल्या पाट्यांमध्ये घर्षण असतं. ते नवं, स्वच्छ असताना ठीक. पण पाट्यांच्या मध्ये गंज आणि चिखल बसला की पाटे एकमेकांना घट्ट चिकटतात. मग छोट्या धक्क्याला स्प्रिंग हलतच नाही. गाडी नुसत्या टायरच्या हवेवर उडत असते. मोठा धक्का आला की चिकटलेले पाटे एकदम सुटतात आणि गाडी बदकन बसते. म्हणजे छोट्या खड्ड्यात कडक, मोठ्या खड्ड्यात ढिली. यावर उपाय एक पाटा वाढवणं? त्याने चिकटणाऱ्या जागा आणखी वाढतील!

आणि वाढवलेला पाटा किती कडकपणा आणतो याचा हिशेब कोणी करत नाही. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मि.मी. जाडीच्या जागी ८ मि.मी. चा पाटा टाकलात तर तो एक पाटा २.३७ पट कडक. गॅरेजवाल्याच्या कोपऱ्यात जो कुठल्यातरी जीपचा पाटा पडलेला असतो, तो 'मापात कापून' बसवला जातो. पोलादही वेगळं, कमानही वेगळी. आमच्या भंडाऱ्याजवळ वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँडचा. विशेष पोलाद म्हणजे काय, त्याच्या रचनेवर आणि उष्णता-प्रक्रियेवर किती कष्ट घेतात, हे त्या भागातल्या पोरांनाही ऐकून माहीत असतं. आणि आपण भंगारातला पाटा ग्राइंडरने कापून, तापवून, ठोकून आईवडिलांच्या सीटखाली बसवतो. कमाल आहे.

गाडी खाली घेण्याचंही तसंच. वेढा कापला की बॉडी खाली येते, म्हणून कलणं कमी होईल असं वाटतं. पण विशबोनच्या गाडीत बॉडी जितकी खाली येते त्यापेक्षा जास्त खाली तिचा कलण्याचा केंद्रबिंदू जातो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे कलवणारा जोर उलट वाढला. वर चाकाला हलायला होती ती जागा चार-पाच सेंटिमीटरने गेली. आणि गतिरोधक? रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. लाखनी-साकोली सोडा, पुण्यातल्या तुमच्या सोसायटीसमोरचा तरी तसा आहे का? मग खाली घेतलेली गाडी तिरकी करून, पोट घासत न्यावी लागते. याला मी तरी 'हँडलिंग' म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते

न्यायाने बोलायचं तर दोन गोष्टी मान्य करतो. एक, सपाट ट्रॅकवर, फक्त ड्रायव्हर बसलेल्या गाडीला, कडक स्प्रिंगचा फायदा होतो. गाडी स्टिअरिंगला लवकर उत्तर देते. ट्रॅकवर जाणार असाल तर खुशाल करा.

दोन, कम्फर्ट आणि रोड-होल्डिंग यांच्यात ओढाताण असतेच, नाही असं नाही. पण ती स्प्रिंगपेक्षा जास्त शॉकअपमध्ये आहे. शॉकअप मऊ ठेवला तर बॉडीला बरं, चाक मात्र नाचतं. कडक केला तर चाक काही मर्यादेपर्यंत आवरतं, बॉडीला त्रास होतो. मधे एक जागा असते जिथे दोघंही समाधानी असतात. ती जागा मूळ इंजिनिअरने त्या गाडीच्या वजनासाठी, त्या टायरसाठी शोधलेली असते. तुम्ही रुंद अलॉय आणि जड टायर चढवलेत की चाकाचं वजन वाढलं, ताल बदलला, आणि ती जागा हरवली.

भाराचाही विचार करा. समजा मागच्या ॲक्सलवर रिकाम्या गाडीचं ३३० किलो वजन स्प्रिंगवर आहे. मागे तीन माणसं आणि सामान आलं की ते ५३० होतं. त्या एकाच स्प्रिंगला दोन्ही सांभाळायचंय. म्हणून रिकाम्या पद्मिनीची मागची बाजू थोडी उडतेच. तो दोष नाही, ती तडजोड आहे, आणि जाणूनबुजून केलेली आहे.

मग करायचं काय?

भांडून झालं, आता कामाचं. भंडाऱ्याकडचे एक जुने मेकॅनिक (चाचा म्हणू, नाव कशाला) आधी गाडी चालवूनही बघत नाहीत. ते गाडीखाली जातात, आणि याच क्रमाने जातात:

पहिलं, सगळे रबरी बुश आणि शॅकल बघा. अर्धी 'डुलणारी' गाडी इथेच बरी होते.

दुसरं, पाटे उतरवा, सुटे करा, गंज खरवडून काढा, तुटलेला-तडकलेला बदला, ग्रीस लावून परत बांधा. कमान उतरली असेल तर मूळ मापावर आणून घ्या. संख्या वाढवायची नाही.

तिसरं, शॉकअप जोडीने बदला, मूळ मापाचे. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडला की एकदा वर येऊन बसली पाहिजे. तीन वेळा डुलली तर शॉकअप गेला. दाबलीच जात नसेल तर काहीतरी चिकटलंय.

चौथं, टायरमधली हवा. "थोडी जास्त भर रे" हे वाक्य बंद. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. रेडियल घातले असतील तर क्रॉसप्लायबरोबर मिसळू नका, चारही सारखे हवेत.

पाचवं, अलाइनमेंट. सगळ्यात शेवटी, कारण वरचं सगळं झाल्याशिवाय ते टिकत नाही.

एवढं करून गाडी चालवा. भंडाऱ्याहून साकोलीकडे हायवेने जा, तिथून एखाद्या आतल्या रस्त्याने धानाच्या बांध्यांमधून परत या. मग मला सांगा गाडी मऊ आहे की कडक. बहुतेकांना पाचवा गतिरोधक ओलांडेपर्यंत प्रश्नच आठवत नाही.

शेवटचा मुद्दा, जरा टोचणारा

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे १९७४ ची पहिली पद्मिनीसुद्धा २०२४ मध्ये त्या वयात आली. चांगली गोष्ट आहे. पण त्या व्याख्येत चॅसी आहे, बॉडी आहे, इंजिन आहे. सस्पेन्शनचा शब्द नाही. आणि आपणही तसंच वागतो. डॅशबोर्डचं मूळ बटण मिळावं म्हणून सहा महिने जुना बाजार पालथा घालतो, आणि गाडीची चाल मात्र एका दुपारी ग्राइंडरखाली देतो.

पद्मिनीची चाल हा तिच्या ग्रिलइतकाच मूळ भाग आहे. ती फोटोत दिसत नाही एवढंच. ज्याला ती गाडी कधीच आठवणार नाही अशा पुढच्या पिढीतल्या पोराला तुम्ही तिच्यात बसवाल, तेव्हा त्याला १९७४ ची गाडी मिळेल की २०२० नंतरच्या एखाद्या गॅरेजची, हे तुम्ही आज ठरवताय. आणि तोच पोरगा मागच्या सीटवर बसलेला असताना समोर म्हैस आडवी आली, तर चारही टायर रस्त्यावर असतील की दोनच, हेही.

असो. बरंच लांबलं. पटलं तर या आठवड्यात पाटे सुटे करून बघा. नाही पटलं तर रविवारी दुपारी चारनंतर फोन करा, त्याआधी मी झोपलेलो असेन. :-)